टाळलेला रस्ता

नाशिक रोड,
६ जानेवारी २०२५

मंगलाताई,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. एकच विचारायचं आहे. संजना नावाची मुलगी माझ्याकडे तुम्ही पाठवली आहे का?

चार वर्षांत आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. सायलीच्या लग्नात सख्खी आत्या आली नाही, आहेर तेवढा आला. लोकांनी विचारलं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण आता हे नवीन काय चाललंय ते मला कळायला हवं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. म्हणाली, "कॉलेजकडून आलेय काकू. पन्नाशीच्या पुढची जी माणसं फारशी चालत नाहीत, त्यांच्यासाठी तीन महिन्यांचा उपक्रम आहे." मी विचारलं, मी चालत नाही हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणे, दवाखान्यात तुम्हीच फॉर्म भरलात. फॉर्म भरला होता हे खरं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. पण त्या दवाखान्यात रोज पन्नास माणसं जातात. ही पहिल्यांदा माझ्याच दारात का यावी?

मी नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं नोकरी केली, रोज येता-जाता पर्स उघडून दाखवली. कोण कशासाठी काय विचारतंय हे मला समजतं.

तिने माझ्या मनगटाला एक पट्टा बांधला. तो पावलं मोजतो. मग प्रश्न सुरू झाले. किराणा दुकान किती लांब आहे, रस्त्यावर दिवे आहेत का, कुत्री अंगावर येतात का, मध्ये टेकायला कुठे बाक आहे का. इथवर ठीक होतं. मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम टाळता असा एखादा रस्ता आहे का?"

मी म्हटलं, नाही.

तिने लिहून घेतलं. नुसतं 'नाही' लिहायला एवढा वेळ लागत नाही.

जाताना मी विचारलं, राहतेस कुठे? म्हणाली, सिन्नरला, रोज बसने येते. तुम्ही सिन्नरला, त्यातून अंगणवाडी चालवता. असल्या फाइलवाल्या सगळ्या पोरी तुमच्या ओळखीच्या. मग मी काय समजायचं?

ह्यांच्याबद्दल काही विचारायचं असेल तर सरळ मला विचारा. जे झालं ते मी दहाव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. ह्यांना मोठ्या रस्त्यानेच फिरायची हौस होती. पहाटेच्या धुक्यात. मी नको म्हणायचे. टेम्पोवाल्याला दिसले नाहीत. तुम्ही तेव्हा भरल्या ताटावरून उठून गेलात, का गेलात ते आजवर सांगितलं नाहीत. माझ्याकडे यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

उत्तर पाठवा.

उज्वला


नाशिक रोड,
१७ जानेवारी

मंगलाताई,

तुमचं कार्ड मिळालं. 'मी कोणाला पाठवलेलं नाही.' चार वर्षांनी चार शब्द. अक्षर तुमचंच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण कार्डावर शिक्का नाशिकचा आहे, सिन्नरचा नाही. म्हणजे तुम्ही नाशिकला आला होतात, नाहीतर इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती ते टाकायला दिलंत. कोणाच्या हाती दिलं?

ती दर शुक्रवारी येते. पहिल्या आठवड्यात माझी रोजची पावलं अकराशे-बाराशे भरली. म्हणाली, "छान, आता चौदाशे करून बघू." तिचं सगळं असंच. दहा हजाराची भाषा नाही. आपण जेवढं करतो त्याच्यापेक्षा थोडं जास्त सांगते, ते झालं की आणखी थोडं. माणूस कधी अडकला ते त्याला कळू नये अशी ही रीत आहे.

पट्टा खरंच पावलंच मोजतो का, ते मी तपासून पाहिलं. सोफ्यावर बसून टीव्ही बघत नुसता हात हलवला. तीनशे पावलं झाली. शुक्रवारी तिने मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "काकू, मंगळवारी रात्री आठ वाजता बसल्या बसल्या चाललात वाटतं." बघा आता. मंगळवारी रात्री आठ वाजता मी काय करत होते हे सिन्नरच्या मुलीला माहीत आहे.

मी सध्या गॅलरीत चालते. या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा पावलं. लताबाई समोरच्या बिल्डिंगमधून बघतात आणि विचारतात, काही हरवलं का?

संजना गॅलरीत उभी राहिली होती. खाली आपलं सोसायटीचं मैदान दिसतं, तुम्हाला आठवत असेल, कडेने कडुनिंब आहेत. तिने विचारलं, "एवढं चांगलं मैदान आहे, मग इथे कोणी फिरत का नाही?"

"बंद असतं."

"कुलूप कोणी लावलं?"

"सोसायटीने."

"किल्ली कोणाकडे असते?"

"कमिटीकडे."

यात खोटं काही नाही. मी कमिटीची सेक्रेटरी आहे हे तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

तिला हे प्रश्न तुम्ही दिले असतील तर आताच थांबा, एवढं सांगायला हे पत्र.

उज्वला


नाशिक रोड,
३१ जानेवारी

मंगलाताई,

आज मी जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्यामुळेच केलं.

संजना माझ्याकडून निघाली आणि मी चप्पल घालून तिच्या मागे गेले. म्हटलं, ही इथून कुठे जाते आणि कोणाला भेटते ते एकदा डोळ्यांनी बघू. मला वाटलं होतं, कोपऱ्यावर तुम्ही उभ्या असाल.

ती आधी दवाखान्यात गेली. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले. मग ती सोसायटीच्या मागच्या भिंतीला वळसा घालून वस्तीत शिरली. एकवीस वर्षं इथे राहते, त्या वस्तीत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. तिथे पाच-सहा बायका ओट्यावर बसल्या होत्या. सगळ्यांच्या मनगटाला माझ्यासारखे पट्टे. मी एका रिक्षाच्या आडोशाला थांबले.

संजना त्यांनाही तेच विचारत होती. कुठे चालता, कुठे चालत नाही. कुसाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "पयले आम्ही त्या सोसायटीच्या मैदानात जायचो पहाटं. एक सायेब व्हते, ते सोताहून गेट उघडून द्यायचे. आमच्यासंगं फेऱ्या मारायचे. मंग कुलूप लागलं. आता कुठं जायाचं? रस्त्यानं जावं तं गाड्या अंगावर येत्यात. बसलोय घरी."

संजनाने विचारलं, "साहेब कोण?"

"नाव नाय ठाऊक. लय गोड माणूस. पुढं गेले म्हणं गाडीखाली."

मी तिथून निघायला हवं होतं. पाय निघेना. तेवढ्यात संजना माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काकू, दमला असाल. इकडे या, पाणी आहे."

तिला दवाखान्यापासून माहीत होतं. मी मागे आहे म्हणून ती मुद्दाम हळू चालत होती, असं म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी सरळ विचारून टाकलं, "तू मंगलाबाईंना ओळखतेस?"

"अंगणवाडीच्या? लहानपणी त्यांच्याकडेच होते मी. सिन्नरमधली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेलीत. का हो?"

"त्यांनी तुला पाठवलंय का?"

ती हसली नाही. म्हणाली, "मला माझ्या आईने पाठवलंय म्हणा. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. साखर. आमच्या घराबाहेर पाऊल टाकलं की ट्रकचा रस्ता. डॉक्टर दर वेळी सांगायचे, चाला. कुठे चाला ते कोणी सांगितलं नाही. म्हणून मी लोकांना फक्त चाला म्हणत नाही, कुठे अडतं ते विचारते."

मग तिने मला तिचा नकाशा दाखवला. आपली सोसायटी, मागची वस्ती, शाळा, मोठा रस्ता. कोण किती चालतं त्याचे ठिपके. मैदानाभोवतीच्या घरांवर ठिपके सगळ्यात कमी. मैदान दारात असून.

घरी येऊन पट्टा पाहिला. चार हजार सहाशे. चार वर्षांत मी एवढी चालले नव्हते, आणि चालले ती एका पोरीवर पाळत ठेवायला.

ती खरं बोलते असं वाटतं. तरी तुम्ही तिला ओळखता हे कार्डात लिहिलं नाहीत, तेही माझ्या लक्षात आहे.

उज्वला


नाशिक रोड,
१२ फेब्रुवारी

मंगलाताई,

काल ह्यांची तारीख होती. तुम्ही दिवसभरात आठवण काढली असेलच.

मी सकाळी सहाला निघाले. मोठ्या रस्त्याला चार वर्षांत मी गेले नव्हते. स्टेशनला जायचं तर रिक्षावाल्याला आतून घ्यायला सांगते. संजनाला 'नाही' म्हणाले होते, ते हे.

त्या रस्त्याला पायी माणसासाठी जागाच नाही. कडेला गाड्या लावलेल्या, त्याच्या पुढे उघडं गटार, मग पांढरा पट्टा आणि लगेच वाहनं. गाड्यांना वळसा घालायचा तर रस्त्यावर उतरावंच लागतं. पाठीमागून टेम्पो येतो तेव्हा त्याचा वारा आधी लागतो. शंभर पावलांत मी तीनदा थांबले. हे रोज इथून कसे चालत असतील?

त्या ठिकाणाजवळ मल्हारी नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. मी बाकावर बसले. त्याने विचारलं, बाई, बरं नाही का वाटत? मी सांगितलं, माझे मिस्टर इथेच गेले, ते रोज इथे फिरायचे.

तो म्हणाला, "प्रेसमधले साहेब ना? रोज नव्हते हो बाई. आठ-दहा दिवसच आले असतील. म्हणायचे, आमचं मैदान बंद झालंय, तोवर तुझा चहा."

चार वर्षं झाली, दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं येत असतील. त्याच्या आठवणीत चूक होत असेल.

साखर थोडी उतरली आहे. सायलीला कळवलं.

उज्वला


नाशिक रोड,
२४ फेब्रुवारी

मंगलाताई,

मल्हारीची आठवण चुकलेली नव्हती. हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मग फाडलंत तरी चालेल.

काल सोसायटीची मीटिंग होती. संजनाने चेअरमन धोंडीराम यांना सांगून दहा मिनिटं मागितली होती. तिने नकाशा भिंतीला लावला आणि सांगितलं की इथल्या चौसष्ट घरांतल्या पन्नाशीपुढच्या बायका दिवसाला दोन हजार पावलंही चालत नाहीत. आळस हे कारण नाही, सुरक्षित जागा नाही हे आहे. मैदान सकाळ-संध्याकाळ उघडा, मागच्या वस्तीलाही येऊ द्या. जास्त माणसं चालली की तिथे भीती कमी होते.

लोक कुरकुरायला लागले. बाहेरची माणसं कशाला, चोऱ्या होतील, हे सगळं. मग लताबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मैदान उघडं असलं म्हणून काय होतं? ज्याला रस्त्याची हौस तो रस्त्यावरच जाणार. सोमनाथराव नव्हते का? मैदान दारात असून मोठ्या रस्त्याने फिरायचे. उज्वलाताईंनीच सांगितलं ना आपल्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. संजनानेही.

ताई, मैदानाचं कुलूप मी लावलं होतं. पुढच्या कॉलनीत एका बाईची पोत खेचून नेली, तेव्हापासून मला मैदानातला प्रत्येक अनोळखी माणूस चोर दिसायला लागला. ती वस्तीतली माणसं पहाटे येत, हे त्यांना गेट उघडून देत, मला ते सहन होईना. मी घरोघरी हिंडून सह्या गोळा केल्या. त्या वर्षी एक फेब्रुवारीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली. सह्या देणाऱ्यांनीही पुढे तारखा जुळवून पाहिल्या नाहीत, मी सांगितलं तेच धरलं.

ह्यांनी मागितली. म्हणाले, "उज्वला, मला एकट्याला तरी उघड." मी म्हटलं, तुम्ही एकटे राहाल होय? सगळ्यांना आत घ्याल. नियम तो नियम. तर म्हणाले, मग मी रस्त्याने जातो. चिडले नाहीत, तुम्हाला तुमचे दादा माहीत आहेत.

अकरा तारखेच्या पहाटे धुकं फार होतं. हे पलंगाशी येऊन म्हणाले, "आज तरी दे किल्ली, बाहेर काही दिसत नाही." मी जागी होते. डोळे मिटून पडून राहिले. ह्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि गेले.

किल्ली माझ्या उशीखाली होती.

हे मी काल सगळ्यांसमोर सांगितलं. पांघरुणाचं नाही सांगितलं, ते फक्त तुम्हाला. म्हटलं, ह्यांना रस्त्याची हौस नव्हती. मी त्यांना रस्त्यावर पाठवलं आणि वर खोटं बोलले. यापुढे ते वाक्य कोणी उच्चारू नका.

मग धोंडीरामांनी हात वर करायला सांगितले. तेवीस विरुद्ध चौदा. लताबाईंचा हात चौदांत होता. आज सकाळी सहाला मी गेट उघडलं. आमच्यातल्या सात बायका आल्या. वस्तीतून अजून कोणी आलं नाही. त्यांना माझा भरवसा वाटत नसेल, आणि का वाटावा?

तुम्हालाही माझ्याबद्दल काय वाटेल ते मला समजतं. या वेळी उत्तर पाठवा असं लिहीत नाही.

उज्वला


नाशिक रोड,
१० मार्च

मंगलाताई,

काल तुम्ही येऊन गेलात आणि आज मी पत्र लिहिते आहे, याला काय म्हणावं. पण समोर मला बोलता आलं नाही.

सकाळी मी गेटपाशी पोचले तर तुम्ही बाहेर उभ्या. पहिल्या गाडीने आलेल्या. केस किती पिकलेत तुमचे. मी म्हटलं, घरी चला, चहा घेऊ. तुम्ही म्हणालात, "घरी नाय येणार. इथंच बोलू."

आपण चालायला लागलो. एक फेरी झाली. कुसाबाई आणि आणखी दोघी आठवड्यापासून यायला लागल्या आहेत, त्या आपल्या पुढे चालत होत्या. मग तुम्ही म्हणालात, "वहिनी, मला कुलपाचं माहीत व्हतं."

मी थांबले. तुम्ही थांबला नाहीत, म्हणून मला पाय उचलावे लागले.

"दादाचा आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आलता. हसत व्हता. म्हणे, तुझ्या वहिनीनं मलाच बाहेर काढलंय, पण एक चहावाला भेटलाय. दहाव्याला तुम्ही सांगाया लागल्या, तवा मी वाट बघत व्हते. आता म्हणतील कुलपाचं, आता म्हणतील. तुम्ही म्हणल्या, हौस व्हती. मंग घास उतरंना."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोलून काय उपेग? तुमच्या तोंडून यायला पायजे व्हतं. चार वर्सं वाट बघितली. कुलूप लावलं त्याचा राग नाय मला. भ्याल्या व्हत्या तुम्ही. पण मेलेल्या माणसाच्या नावावर खपवलं, त्याचा हाय."

मी विचारलं, "अजून आहे?"

"हाय."

दोन महिने मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्ही माणसं पाठवता, कार्ड दुसऱ्याकडून टाकता, काहीतरी शोधताय. शोधायला तुम्हाला काही उरलंच नव्हतं. कार्डावरच्या शिक्क्याचंही पोस्टात विचारून आले. सिन्नरचं टपाल नाशिकला येऊनच पुढे जातं म्हणे.

पाच फेऱ्या झाल्या. तुमचा उजवा गुडघा धरतो, ते मी पाहिलं. शेवटच्या फेरीला तुम्ही म्हणालात, "डॉक्टर रोज चालाया सांगतो. आमच्या गल्लीत जागा कुठं हाय? पुढच्या रविवारी येते." मग लगेच, "राग गेला म्हणून नाय. मैदान चांगलं हाय."

मी म्हटलं, या.

तुम्हाला सोडायला मी सिन्नर फाट्यापर्यंत पायी आले. त्या रस्त्याने. गाड्यांच्या बाजूने तुम्ही चालत होतात आणि मला गटाराच्या बाजूला ठेवलं होतंत. मी दोनदा बाजू बदलू पाहिली, तुम्ही बदलू दिली नाही.

बस सुटली तेव्हा तुम्ही खिडकीशी हात वर केलात. ऊन समोरून होतं. मला हात केलात, की उन्हाला आडवा धरलात, ते खालून नीट कळलं नाही. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

मला हात केलात असंच मी धरते.

उज्वला